भटेरीचा विवाह आणि करारातील एक कलम

राजस्थानात अक्षय्य तृतीयेस ‘आखातीज’ म्हणतात. त्या मुहूर्तावर अजाण बालकांची लग्ने उरकण्याची चाल तेथे जुनी आहे. जयपूर जिल्ह्यातील भटेरी गावी 1992 साली असेच एक लग्न ठरले. वधूचे वय वर्षाचेही नव्हते. शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात काम करणाऱ्या गावातील ‘साथिनी’ने ते थांबविण्याची खटपट केली. लग्न व्हायचे ते झालेच. साथिनीला मात्र वाळीत टाकण्यात आले, आणि त्याच वर्षी तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. जयपूरच्या न्यायालयाने 1995 मध्ये आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले.

बालविवाहाविरुद्ध कायदा नव्हता असे नाही. अजमेरचे हरबिलास सारडा यांनी तो 1929 सालीच संमत करून घेतला होता. पण तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. शेजारच्या जयपूर संस्थानास लागू नव्हता. जेथे लागू होता तेथेही लग्न लावणाऱ्यास शिक्षा होई, लग्न मात्र टिके. खरी मेख हीच.

‘विशाखा’ आदी संस्थांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायमूर्ती वर्मा, सुजाता मनोहर व कृपाल यांनी 13 ऑगस्ट 1997 रोजी निर्णय दिला: देशी कायदा जेथे मूक आहे तेथे, मूलभूत हक्कांशी सुसंगत असा आंतरराष्ट्रीय करार अर्थ लावताना आधारास घेता येतो. स्त्रियांविषयीच्या भेदभावाचा 1979 चा करार भारताने 1993 साली मान्य केला होता. त्यातून कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या संरक्षणाचे नियम सिद्ध झाले.

त्याच कराराच्या सोळाव्या कलमात बालकाचा विवाह कायद्याने निष्फळ मानावा असे म्हटले आहे. न्यायालयापुढील प्रश्न वेगळा होता, म्हणून ते वाक्य तसेच राहिले. कलमातील सक्तीची विवाहनोंदणी एवढ्या विशाल देशात व्यवहार्य नाही, असे भारताने मान्यता देतानाच नमूद केले होते. बालकांच्या हक्कांचा 1989 चा करार भारताने 1992 च्या डिसेंबरात स्वीकारला खरा; परंतु नवल असे, की त्यात विवाहाचा उल्लेखच नाही.

2006 च्या कायद्याने बालविवाह, काही अपवाद वगळता, ‘रद्द होऊ शकणारा’ ठरविला. म्हणजे पाळण्यात लग्न झालेल्या मुलीने सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत स्वतः न्यायालयात जावयाचे. कर्नाटकाने पुढे दुरुस्ती करून असा विवाह मुळातच शून्य मानला. जयपूरच्या विधानसभेने 2021 मध्ये नोंदणीचे विधेयक संमत केले. अल्पवयीनांच्या विवाहाची नोंद आईबापांनी करावी, अशी त्यात तरतूद होती. नोंद म्हणजे मान्यताच, असा गहजब झाला आणि ते मागे घेण्यात आले.