नेवासे आणि ईजिप्त–भारत सागरप्रवास

प्रवरा नदीकाठी वसलेले नेवासे (जि. अहिल्यानगर, पूर्वीचे अहमदनगर) समुद्रापासून २०० किमी.हून अधिक दूर आहे. तथापि प्राचीन सागरी व्यापाराच्या खुणा येथे मिळाल्या आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी १९५४–५६ मध्ये येथील लाडमोड टेकाडाचे उत्खनन केले. त्यात सातवाहनकालीन थरांत अँफोरा, म्हणजे मद्य व तेल वाहून नेण्याच्या दोन कानांच्या उंच कुंभांची खापरे आढळली. पुढील काळातील फेरतपासणीत भारतातील अशा काही खापरांचे मूळ मेसोपोटेमियात असल्याचे दिसून आले. त्यामुळे प्रत्येक खापर रोमन जहाजाचा पुरावा मानता येत नाही.

ईजिप्शियनांचा सागरप्रवास फार प्राचीन आहे. हॅटशेपसूट राणीने इ. स. पू. पंधराव्या शतकात तांबड्या समुद्रातून पुंट देशी धाडलेल्या मोहिमेची शिल्पे देर अल्-बाहरी येथे आहेत. भारतापर्यंत आलेले ईजिप्तमधील ज्ञात प्रवासी मात्र प्रामुख्याने ग्रीकभाषी होते. स्ट्रेबोने नोंदविलेल्या कथेनुसार इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर सापडलेल्या एका भारतीय नाविकाने वाट दाखविली आणि तीवरून युडॉक्सस भारतात पोहोचला. परंतु खुद्द स्ट्रेबोने या कथेविषयी शंका घेतली आहे. त्याच्या काळी मायॉस हॉर्मस बंदरातून सु. १२० जहाजे भारताकडे जात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर ती येत व ईशान्य वाऱ्यांवर परतत. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रंथात पैठण हे भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असून तेथील माल गाड्यांतून बंदरात येतो, असे म्हटले आहे. पैठणच्या पश्चिमेस असलेले नेवासे याच व्यापारक्षेत्रात मोडते.

भारतीयांनी माल पुरवावा आणि परकीयांनी तो न्यावा, असे या व्यापाराचे चित्र दीर्घकाळ रंगविले गेले. बौधायन धर्मसूत्रात समुद्रसंयान पतनीय कर्मांत गणल्यामुळे या समजास पुष्टी मिळाली. प्रत्यक्ष पुरावा निराळा आहे. सोकोत्रा बेटावरील होक गुहेत भारतीय प्रवाशांचे सु. दोनशे लेख मिळाले असून त्यांत भडोचच्या नाविकांचा निर्देश आहे. ईजिप्तमधील बेरेनिके बंदरात सागवानी लाकूड, साडेसात किग्रॅ. काळी मिरी व बुद्धमूर्ती सापडली. तेथील एक संस्कृत लेख रोमन सम्राट फिलिप (कार. २४४–२४९) याच्या काळातील असून त्यातील दाता स्वतःस क्षत्रिय म्हणवितो. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या तेथील शोधांत सातवाहनांची दोन नाणीही होती.

धर्मसूत्रातील निषेधावरून समाजाच्या आचाराचे अनुमान काढणे किती धोक्याचे आहे, हे यावरून दिसते. नेवाशाची खापरे व बेरेनिकेची नाणी ही एकाच सागरी व्यवहाराची दोन टोके असून या मार्गावर भारतीयही प्रवासी होते.