कुलूप कोणाच्या विरुद्ध?

कुलूप म्हटले की आम्हां कामगारांस प्रथम टाळेबंदी आठवते. पण आजचा विषय कुलपाचाच आहे.

लंडनच्या जोसेफ ब्रामाने १७८४ साली आपल्या कुलपाचे पेटंट घेतले. पुढे असे एक कुलूप दुकानाच्या खिडकीत मांडून, किल्लीवाचून ते उघडणारास २०० गिनींचे बक्षीस लावले गेले. १८५१ साली हॉब्स नावाच्या अमेरिकनाने ते उघडले. १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून! येथे चोर दाराबाहेरचा होता.

न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात मालकांना तो आत दिसला. कामगारांनी माल चोरून नेऊ नये म्हणून जिन्याचे एक दार कुलूपबंद असे. २५ मार्च १९११ रोजी आग लागली. १४६ जीव गेले. त्यांत बहुतेक तरुण मुली. मालक खटल्यातून निर्दोष सुटले.

आता लहानशा दुकानालाही आकड्यांचे बिनतारी कुलूप बसते. बसवताना पहिली परीक्षा ही, की आतून ते आकड्यावाचून उघडते ना? धुरात आकडा कोणास आठवणार! मग कारखान्याहून आलेला मूळ आकडा बदलावा आणि प्रत्येकास स्वतंत्र आकडा द्यावा. सर्वांचा एकच असला, तर गल्ल्यात तूट येताच संशय सगळ्यांवर. बॅटरी संपण्याआधी बदलावी, हे सांगायला नको.

अशी पुष्कळ कुलपे कोण केव्हा आले याची नोंद ठेवतात. त्या नोंदीवरून पगार कापणार असाल, तर ती नोकरालाही दाखवा, एवढेच आमचे मालकांजवळ मागणे आहे.