ओळीनं वाचण्याची कुळकथा

सप्ताह बसला की पारनेर तालुक्यातल्या गावांचा दिवस बदलतो. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. आठवडाभर वीणा खाली टेकत नाही. पारायणाला बसलेला माणूस आवडीचा अध्याय तेवढा वाचून उठत नाही. पहिल्या ओवीला सुरुवात करतो आणि शेवटच्या ओवीलाच पोथी मिटतो. पारायण या शब्दातच ते आहे: पार म्हणजे पैलतीर, अयन म्हणजे जाणं.

याच मुलखातल्या ख्रिस्ती घरांत आणखी एक वाचन चालतं. काळ्या पुठ्ठ्याचं पवित्र शास्त्र उघडायचं, काल फीत ठेवली होती तिथून पुढचा अध्याय मोठ्यानं वाचायचा, घटकाभर मनन, मग प्रार्थना. आज उत्पत्ती, काही आठवड्यांनी निर्गम, असं ओळीनं. पुस्तक उघडेल ते पान वाचायचं, असं नाही. या सवयीचं कूळ शोधत गेलं की दोन घराणी सापडतात, आणि दोन्ही नगर जिल्ह्यात एकमेकांना भेटलेली दिसतात.

पहिलं घराणं फार जुनं. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकात आठव्या अध्यायात एक प्रसंग आहे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले यहुदी लोक यरुशलेमात चौकात जमले. एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहिला आणि पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचत राहिला. लेवी लोकांना अर्थ उलगडून सांगत होते, आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. पुढं मंडपांच्या सणात सात दिवस रोज हे वाचन झालं. सप्ताह पाहिलेल्या माणसाला हा प्रसंग परका वाटायचा नाही. पुढं यहुदी समाजानं तोरेचे ५४ भाग पाडले आणि वर्षभरात ते ओळीनं वाचून संपवण्याची रीत घातली. शेवटचा भाग संपला की त्याच दिवशी पुन्हा पहिल्या भागाला हात घालतात. कोकणातल्या आपल्या मराठी बेने इस्राएल समाजानं १७९६ साली मुंबईत आपलं पहिलं सिनेगॉग उभारलं, आणि ही रीत मराठी माणसांचीही झाली.

ख्रिस्ती चर्चमध्ये मात्र पुढं सणावारांप्रमाणे निवडलेले उतारे वाचण्याची पद्धत रुळली. ती मोडली झुरिकच्या उल्रिख झ्विंग्लीनं. १ जानेवारी १५१९ रोजी त्यानं मत्तयाचं शुभवर्तमान पहिल्या अध्यायापासून ओळीनं सांगायला घेतलं. जिनेव्हात जॉन कॅल्व्हिननं तेच केलं. १५३८ साली त्याला शहराबाहेर काढलं होतं. १५४१ मध्ये तो परतला आणि जिथं थांबला होता तिथूनच त्यानं पुढचं वचन उघडलं. मधल्या तीन वर्षांबद्दल तक्रारीचा शब्द नाही. शास्त्र पुढं चालू झालं, एवढंच.

ही सवय इंग्लंडच्या प्युरिटनांकडे आणि त्यांच्याबरोबर अमेरिकेत गेली. त्याच परंपरेतल्या लोकांनी १८१० साली अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था स्थापन केली. त्यांचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १२ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईला उतरले. डिसेंबर १८३१ मध्ये त्यांचं अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं. पारनेरची खेडी त्याच मिशनच्या टापूत होती.

पण ओळीनं वाचायचं तर आधी सबंध पुस्तक हवं. विल्यम केरीनं सेरामपूरहून मराठी नवा करार १८११ साली काढला होता. मुंबईच्या अमेरिकन मिशननं आधी सुटी शुभवर्तमानं, मग १८२६ साली सगळा नवा करार छापला. मुंबईत जुना-नवा दोन्ही करारांचं सबंध मराठी बायबल १८४७ साली निघालं. 

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. १८४२ साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रॉबर्ट मरे मॅक्शेन या तरुण पाळकानं आपल्या मंडळीसाठी वाचनाचं कोष्टक तयार केलं: वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. ते कोष्टक आजही जगभर वापरतात. त्याच वर्षी, जून १८४२ मध्ये, नगरहून मिशनचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झालं.

आता दुसरं घराणं. ते इथलंच. नेवासे याच जिल्ह्यातलं. ज्ञानदेवांनी १२९० साली भावार्थदीपिका, म्हणजेच ज्ञानेश्वरी, सांगितली ती तिथं. ओवीत सांगायचं, ओळीनं ऐकायचं, ही या मातीची शिकवण्याची पद्धत. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सनं ती हेरली होती. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं. जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा दहा हजारांहून अधिक ओव्यांत त्यानं क्रमानं सांगितली, आणि रविवारी-सणावारी ती देवळांत वाचली जाई.

नगरच्या मिशनलाही तेच करावं लागलं, कारण खेड्यांतल्या बहुतेकांना अक्षर येत नव्हतं. गावच्या शाळेचा मास्तर दिवसा मुलांना बाराखडी शिकवी आणि दिवेलागणीला मोठ्या माणसांना शास्त्र वाचून दाखवी. हे ऐकणारे बहुतेक महार-मांग वस्तीतले. ज्यांना देवळाच्या पायरीवर चढू दिलं जात नव्हतं त्यांच्या अंगणात पुस्तक येऊन बसलं, हा फरक लहान नव्हता. कृष्णराव सांगळ्यांसारख्या कीर्तनकारांनी हीच कथा टाळ-मृदंगावर उभी केली. वाचन आधी कानांनी झालं, डोळे नंतर शिकले.

या कुळातला सर्वांत बोलका प्रसंग आगगाडीतला. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक राजनांदगावला निघाले होते. डब्यातल्या एका युरोपियन सहप्रवाशानं कवितेच्या गप्पा मारता मारता त्यांना नवा करार भेट दिला आणि वाचण्याचं वचन घेतलं. टिळकांना पुस्तक काही विशेष वाटलं नाही. पण वचन दिलं होतं, म्हणून इतर ग्रंथ वाचत तसाच हाही वाचायचा, हातात पेन्सिल घेऊन, पहिल्या पानापासून, असं त्यांनी ठरवलं.

पहिल्या पानावर काय आहे? मत्तयाचा पहिला अध्याय. अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंतची वंशावळ, चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट. नव्या कराराचा आरंभच कुळकथेनं होतो. घाईतला वाचक ही नावं ओलांडून जातो. सावकाश वाचणाऱ्याला त्या पुरुषांच्या रांगेत तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको दिसतात. त्यांतली रूथ तर परमुलखातली, मवाबी. ज्यांची नावं कुळातून गाळायची त्यांनाच इथं जागा आहे, हे ओळीनं वाचणाऱ्यालाच कळतं. टिळक असेच पुढं सरकत पाचव्या अध्यायाला, डोंगरावरच्या प्रवचनाला, पोचले आणि तिथून त्यांना पुस्तक सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नंतरची वीसेक वर्षं त्यांचं बिऱ्हाड नगरला होतं. ख्रिस्ताचं चरित्र ओवीत क्रमानं सांगणारं ‘ख्रिस्तायन’ त्यांनी आरंभलं. १९१९ साली ते गेले. लिहिणं-वाचणं लग्नानंतर शिकलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते काव्य पुरं केलं.

पंडिता रमाबाईंनी याच वाटेवर आणखी एक अडसर काढला. छापील बायबलची भाषा खेड्यातल्या बाईला जड जाते, हे त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात रोज पाहिलं होतं. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या, तोवर काम हातावेगळं झालं होतं, आणि सदनातल्या बायकांनीच ते तिथल्या छापखान्यात छापलं.

ओळीनं वाचण्यानं आत्म्याची वाढ होते, असं म्हणतात. म्हणजे काय? निवडून वाचलं की आपण आपल्यालाच ऐकतो. धीर हवा असला की तेविसावं स्तोत्र, आशीर्वाद हवा असला की आणखी एखादं. ओळीनं वाचताना लेवीयाचे रुक्ष नियम येतात, ईयोबाची तक्रार येते, यिर्मयाचे विलाप येतात. आपण न विचारलेले प्रश्न तेच आपल्याला विचारतात. एकशे एकोणिसावं स्तोत्र १७६ वचनांचं आहे. हिब्रूच्या बावीस अक्षरांना प्रत्येकी आठ वचनं, आणि सगळ्यांचा विषय एकच, देवाचं वचन. बाराखडी गिरवावी तसं ते रचलं आहे. वाढ अशी गिरवण्यातूनच होते. पारायणाला बसणारा वारकरीही हेच सांगेल.

ज्यांना ही वाट धरायची आहे त्यांना हिशेब सांगतो. बायबलमध्ये ६६ पुस्तकं आणि ११८९ अध्याय आहेत. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले तर वर्षात सबंध ग्रंथ होतो. एवढं झेपत नसेल तर नव्या करारापासून सुरुवात करा. त्याचे अध्याय २६०. आठवड्यातले पाच दिवस रोज एक अध्याय घरातल्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचा, फीत तिथंच ठेवा, दुसऱ्या दिवशी तिथूनच उघडा. वंशावळ मात्र गाळू नका. बावन्न आठवड्यांत पैलतीर लागतो.