डबीतला रणगाडा

‘वॉरहॅमर’ हा काल्पनिक सैन्यांचा, मेजावर खेळला जाणारा युद्धखेळ ‘गेम्स वर्कशॉप’ या ब्रिटिश कंपनीने १९८३ साली आणला. त्यातील साधारण २८ मिलिमीटर उंचीचे योद्धे विकत न घेता काही हौशी मंडळी ते टाकाऊ वस्तूंतून घडवितात. तारेच्या सांगाड्यावर निळी व पिवळी लुगदी एकत्र मळून झालेला हिरवा लेप चढविला जातो. आपल्याकडील एम-सीलच्याच जातीची ही लुगदी. ती घट्ट होण्याआधी चेहरा साधावा लागतो आणि खरी कसोटी तिथेच. चिलखताला जुन्या प्लास्टिक कार्डाचे तुकडेही चालतात. गंमत म्हणजे, ऐंशीच्या दशकात कंपनीच्याच ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकाने डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून रणगाडा बनविण्याची कृती छापली होती. आज कंपनीच्या स्वतःच्या स्पर्धांत मात्र अशा घरगुती रणगाड्याला सहसा प्रवेश नाही.