कू कोंगसी : पेनांग बंदरातील एका भावकीची वास्तू

मलेशियाच्या पेनांग बेटावरील जॉर्ज टाउन हे बंदर ईस्ट इंडिया कंपनीने 1786 मध्ये वसवले. दक्षिण चीनमधून कामधंद्यासाठी येणाऱ्यांना तिथे ओळखपाळख नसे. त्यांचा आधार म्हणजे ‘कोंगसी’, म्हणजेच एका कुळाची किंवा एका मुलखातल्या लोकांची संस्था. तिच्या वास्तूत देऊळ असे, पूर्वजांची पूजा होई, भांडणे मिटवली जात आणि अडल्यानडल्याला मदतही मिळे. मुंबईत माझगावला 1919 मध्ये उभे राहिलेले सी यिप मंदिरही याच परंपरेतले आहे.

पेनांगमधील सर्वांत प्रसिद्ध वास्तू कू कोंगसीची. ही संस्था 1835 मध्ये स्थापन झाली. सभासद होण्यासाठी नुसते ‘कू’ आडनाव पुरत नाही, मूळ गावही फुजियान प्रांतातले सिन कांगच असावे लागते. आपल्याकडच्या भावकीसारखाच हा हिशोब.

वास्तूची रचना जवळजवळ गढीची आहे. मध्ये दगडी फरशीचा चौक, भोवती कुळाच्या मालकीच्या घरांच्या रांगा आणि आत येण्यासाठी अरुंद बोळ. हा बंदोबस्त उगाच नव्हता. ऑगस्ट 1867 मध्ये दोन चिनी गुप्त संघटनांमध्ये शहरात मोठी दंगल झाली. त्यातल्या एकीचा म्होरक्या कू थिआन तेक याच कुळातला होता.

चौकात देवळासमोर नाटकांचा रंगमंच आहे. त्याचे तोंड देवळाकडे, कारण पहिले प्रेक्षक देव. देवळात तीन दालने आहेत. मधल्यात कुळाचे दैवत, बाजूच्या एकात पूर्वजांच्या नावांच्या पाट्या आणि दुसऱ्यात व्यापाऱ्यांचा लाडका देव तुआ पेक कोंग. नजर मात्र आधी छपरावर जाते. रंगीत चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे कापून, चिकटवून घडवलेले ड्रॅगन, फुले आणि माणसे तिथे दाटीवाटीने बसली आहेत. दारावर दगडी शीख पहारेकरीही आहे! ब्रिटिश अमदानीत श्रीमंतांच्या दारी शीख दरवान असणे प्रतिष्ठेचे होते, ते असे चिनी देवळात कोरले गेले.

आजची इमारत 1906 ची. आधीची त्याहून भव्य होती आणि 1901 मध्ये जळाली. सम्राटाच्या राजवाड्याशी बरोबरी केल्यामुळे देव कोपले, असे लोक म्हणत. नवी थोडी बेताची बांधली. ‘बेताची’ म्हणजे काय, ते छप्पर पाहून ठरवावे.

जॉर्ज टाउन 2008 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. पण त्याआधीच, 2000 मध्ये, भाडेनियंत्रण कायदा रद्द झाला होता. भाडी वाढली आणि जुन्या शहरातली पिढ्यान्‌पिढ्यांची अनेक बिऱ्हाडे उठली. इमारती जपल्या गेल्या, पण शेजार पांगला. कू कोंगसीची भावकी मात्र अजून टिकून आहे. पूर्वजांच्या दालनाच्या भिंतींवर कुळातल्या पदवीधरांच्या आणि मानकऱ्यांच्या नावांचे सोनेरी फलक लावलेले आहेत.