‘स्टॅक्स’ : मेम्फिसच्या जुन्या चित्रपटगृहातील रेकॉर्ड कंपनी

अमेरिकेतील टेनेसी राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी वसलेले मेम्फिस शहर बहुतेकांना ठाऊक असते ते एल्विस प्रेस्लीमुळे. मात्र याच शहरातील ईस्ट मॅक्लेमोर अव्हेन्यूवर, बंद पडलेल्या एका चित्रपटगृहात थाटलेल्या ‘स्टॅक्स रेकॉर्ड्स’ या छोट्या कंपनीने कृष्णवर्णीयांच्या ‘सोल’ संगीताला स्वतःचा असा बाज दिला. ही कंपनी जेमतेम दीड तप टिकली आणि तेवढ्या काळात दोनदा कफल्लक झाली.

कंपनीचे संस्थापक जिम स्टुअर्ट हे दिवसा बँकेत नोकरी करीत आणि फावल्या वेळात ग्रामीण ढंगाच्या संगीतात फिडल वाजवीत. १९५७ मध्ये त्यांनी ‘सॅटेलाइट’ या नावाने सुरुवात केली. ध्वनिमुद्रण यंत्रासाठी पैसे नव्हते, तेव्हा थोरली बहीण एस्टेल अ‍ॅक्स्टन यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले. कॅलिफोर्नियात याच नावाची कंपनी आधीपासून असल्याचे निघाले, म्हणून १९६१ मध्ये स्टुअर्ट आणि अ‍ॅक्स्टन या आडनावांची सुरुवातीची अक्षरे जोडून ‘स्टॅक्स’ हे नाव तयार झाले.

स्टुडिओसाठी घेतलेल्या ‘कॅपिटॉल’ चित्रपटगृहातील खुर्च्या काढल्या, पण पडद्याकडे उतरत जाणारी जमीन सपाट करण्याइतके पैसे हाती नव्हते. ती तशीच राहिली आणि त्या उतरत्या दालनात घुमणारा आवाज हीच पुढे कंपनीची ओळख ठरली. खाऊच्या काउंटरच्या जागी एस्टेल यांनी रेकॉर्डचे दुकान मांडले. वस्तीतील मुले कोणती तबकडी उचलतात, कोणती ऐकून परत ठेवतात, हे त्या बारकाईने पाहत. नवे गाणे बाजारात आणण्याआधी त्याची परीक्षा याच गिऱ्हाइकांपुढे होई. लाखो रुपये खर्चून केलेल्या बाजारपेठेच्या पाहणीतून याहून अधिक काय हाती लागले असते, असा प्रश्न पडतो.

१९६२ मध्ये एका गिटारवादकाची मोटार चालवत आलेल्या तरुणाने सत्र संपता संपता उरलेल्या वेळात गाण्याची संधी मागून घेतली. तो ओटिस रेडिंग. त्याच वर्षी ‘ग्रीन अनियन्स’ ही रचना गाजवणारा ‘बुकर टी अँड द एमजीज’ हा कंपनीचा घरचा वाद्यवृंद होता. त्यात दोन वादक कृष्णवर्णीय, दोन गोरे. शहर वर्णभेदाने दुभंगलेले असल्याने ही मंडळी ज्या मोजक्या ठिकाणी एकत्र बसू शकत, त्यांपैकी एक होते लोरेन मोटेल. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, ती याच मोटेलच्या सज्जात.

कंपनीवरचे अरिष्ट त्याआधीच सुरू झाले होते. १० डिसेंबर १९६७ रोजी विस्कॉन्सिनमधील मोनोना सरोवरात विमान कोसळून रेडिंगचा वयाच्या २६ व्या वर्षी मृत्यू झाला. ‘बार-केज’ या तरुण वाद्यवृंदातील चौघेही त्याच्यासोबत गेले. पाठोपाठ, वितरणाची जबाबदारी असलेली न्यूयॉर्कची ‘अटलांटिक’ कंपनी वॉर्नर-सेव्हन आर्ट्सने विकत घेतल्याने तिच्याशी नव्याने बोलणी करणे भाग पडले. दोघांमधील व्यवहार प्रथम केवळ विश्वासावर चालत होता. लेखी करार झाला तो १९६५ मध्ये. स्टुअर्ट यांनी तो नीट न वाचताच सही केली होती. आता कागदपत्रे पाहिली, तेव्हा उलगडा झाला की अटलांटिकने वितरित केलेल्या सर्व ध्वनिमुद्रणांची मालकी अटलांटिककडेच गेली आहे. रेडिंगची गाणी गेली. ‘सॅम अँड डेव्ह’ ही लोकप्रिय जोडी तर मुळात अटलांटिकचीच होती. तीही परत गेली. आठ वर्षांच्या श्रमांतून स्टॅक्सच्या हाती उरले ते नाव आणि इमारत.

या राखेतून कंपनी उभी केली ती अल बेल या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याने. १९६९ च्या मध्यास त्याने एकाच धडाक्यात २७ अल्बम बाजारात आणले. त्यांतला आयझॅक हेजचा ‘हॉट बटर्ड सोल’ अवघ्या चार गाण्यांचा असूनही दहा लाखांहून अधिक खपला. १९७२ मध्ये ‘शाफ्ट’ चित्रपटाच्या गीतासाठी हेजला ऑस्कर मिळाले. त्याच वर्षी २० ऑगस्टला लॉस एंजेलिसच्या मैदानावर कंपनीने भरवलेल्या ‘वॉटस्टॅक्स’ मैफलीला एका डॉलरच्या तिकिटावर एक लाखाहून अधिक श्रोते लोटले.

घात पुन्हा वितरणानेच केला. १९७२ मध्ये सीबीएसशी केलेला करार वर्षभरात बिनसला, दुकानांत माल पोहोचेना आणि बँकेचे कर्ज फुगत गेले. कंपनी वाचवण्यासाठी स्टुअर्ट यांनी स्वतःची मालमत्ता हमी म्हणून दिली आणि घरही गमावले. डिसेंबर १९७५ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत स्टॅक्सला कुलूप लागले. बेल यांच्यावर बँकेच्या फसवणुकीचा खटला भरण्यात आला. त्यातून ते १९७६ मध्ये निर्दोष सुटले. चित्रपटगृहाची इमारत एका चर्चकडे गेली आणि १९८९ मध्ये जमीनदोस्त झाली.

२००३ मध्ये त्याच जागेवर सोल संगीताचे संग्रहालय उघडले. तेथे उभारलेल्या स्टुडिओच्या प्रतिकृतीत जमीन मुद्दाम उतरती ठेवण्यात आली आहे. एस्टेल २००४ मध्ये, तर जिम स्टुअर्ट डिसेंबर २०२२ मध्ये निवर्तले. अटलांटिकने वितरित केलेली ती सुरुवातीची ध्वनिमुद्रणे मात्र स्टॅक्सकडे कधीच परत आली नाहीत.