हाताची ‘शीर’ म्हणजे नेमकं काय? हाताची रचना आणि नेहमीचे आजार

रात्री हाताला मुंग्या आल्या की ‘शीर दबली’. विळा लागून बोट वाकेनासं झालं की ‘शीर तुटली’. कापल्यावर रक्त थांबेना, तेव्हाही ‘शीर तुटली’च. गावाकडं हातातल्या प्रत्येक दोरीला हा एकच शब्द आहे. प्रत्यक्षात या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचे उपाय वेगळे आणि उपचारासाठी हाताशी असणारा वेळही वेगळा. खुरपणी, कापूस वेचणी, ऊसतोड, धारा काढणं, सगळं हातावरच चालतं. त्यामुळे ही माहिती प्रत्येक घरात असायला हवी.

हाताची रचना

मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत एका हातात २७ हाडं असतात. मनगटात लहान लहान ८, तळहातात ५ आणि बोटांत १४. प्रत्येक बोटात तीन हाडं, अंगठ्यात मात्र दोनच. अंगठा बाकीच्या चारही बोटांसमोर येऊन टेकतो, म्हणूनच खुरपं घट्ट धरता येतं आणि सुईत दोराही ओवता येतो.

बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर ते मनगट या भागात असतात. डाव्या हाताने उजवा हात कोपराच्या थोडं खाली धरा आणि उजवी मूठ उघडझाप करा. आतलं मांस हलताना लगेच कळतं.

एक शब्द, तीन गोष्टी

१) कंडरा : डॉक्टर हिला टेंडन म्हणतात. ही पांढरी, चिवट दोरी स्नायूला हाडाशी जोडते. कासरा ओढला की बैल वळतो, तसं कंडरा ओढली गेली की बोट वाकतं किंवा सरळ होतं.

२) मज्जातंतू : म्हणजे नर्व्ह. बोट हलवायचा निरोप मेंदूकडून हाताला आणि चटका बसल्याची खबर हाताकडून मेंदूला याच पोहोचवतात. हातात अशा तीन मुख्य नर्व्ह येतात. पहिली अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळते. दुसरी करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू. तिसरी हाताच्या पाठीमागची बाजू, आणि मनगट वर उचलायची ताकदही तिचीच.

३) रक्तवाहिनी : रक्त नेणारी-आणणारी नळी. मनगटाला अंगठ्याच्या बाजूने नाडी लागते, ती यातलीच एक.

कुठल्या बोटाला मुंग्या येतात?

डॉक्टरांकडं गेल्यावर ‘हात बधिर होतो’ एवढंच सांगू नका. कुठली बोटं ते सांगा. निम्मं निदान तिथंच होतं.

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होतं, रात्री झोपमोड होते आणि हात झटकल्यावर बरं वाटतं, तर तो बहुतेक कार्पल टनेल नावाचा त्रास असतो. मनगटात हाडांचा एक अरुंद बोगदा आहे. त्यातून ९ कंडरा आणि एक नर्व्ह जाते. आत सूज आली की नर्व्ह दबते. सतत धारा काढणारे, एकसारखं हाताचं काम करणारे, गरोदर बायका, मधुमेह आणि थायरॉइडचे रुग्ण यांच्यात हा जास्त दिसतो. सुरुवातीला रात्री मनगटाला पट्टा लावून आराम पडतो. गरज पडली तर इंजेक्शन किंवा छोटं ऑपरेशन करतात. वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सुकतो. मग ऑपरेशन करूनही ताकद पूर्ण येईलच असं नाही.

मुंग्या करंगळीकडं असतील तर दोष बऱ्याचदा कोपराजवळ असतो. कोपर आपटल्यावर करंट लागल्यासारखं होतं ना, ती हीच नर्व्ह. मानेत दुखून हाताला मुंग्या येत असतील तर मान तपासावी लागते.

हातावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथं स्पर्श कळत नसेल, भाकरी करताना चटका बसूनही जाणवत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर मात्र बोटं वाकडी होतात.

अडकणारं बोट आणि सांध्यांची दुखणी

सकाळी बोट वाकलेलंच राहतं आणि सरळ करताना ‘कट्’ आवाज होतो. हा ट्रिगर फिंगर. कंडरा जाड होऊन आपल्याच कड्यात अडकते. तान्हं बाळ सारखं उचलणाऱ्या आईचं अंगठ्याच्या बाजूने मनगट दुखतं, तीही कंडरेच्या वेष्टणाची सूज असते. दोन्हींत आधी आराम आणि पट्टा, मग इंजेक्शन, शेवटी छोटं ऑपरेशन.

वयानुसार झीज होते तेव्हा नखाजवळच्या सांध्याला आणि अंगठ्याच्या मुळाशी गाठी येतात, दुखतं. पण दोन्ही हातांच्या बोटांचे मुळाकडचे सांधे आणि मनगटं सुजत असतील, सकाळी तासाच्या वर आखडून राहत असतील, तर तो रुमॅटॉइड संधिवात असू शकतो. त्याचं औषध लवकर सुरू झालं तर सांधे वाचतात. बिनलेबलच्या पुड्या घेत बसू नका. काहींत स्टेरॉइड मिसळलेलं असतं.

विळा, काटा आणि मळणी यंत्र

हाताला कापलं की स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरा. रक्त बहुतेक वेळा थांबतं. माती, राख, तंबाखू, हळद काही भरू नका. तार किंवा दोरीने आवळू नका. अंगठी लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाही.

रक्त थांबलं म्हणजे काम झालं असं नाही. प्रत्येक बोट वाकवून, सरळ करून बघा. टोकाला स्पर्श कळतो का बघा. एखादं बोट हलत नसेल तर कंडरा तुटलेली असू शकते. नुसते वरून टाके घालून ती जुळत नाही. त्यासाठी वेगळं ऑपरेशन लागतं आणि ते पहिल्या काही दिवसांतच चांगलं होतं. महिनाभर थांबलं तर टोकं आत ओढली जातात.

बाभळीचा काटा रुतल्यावर पूर्ण बोट सुजलं, वाकलेलंच राहिलं आणि सरळ करताना जीव जातो असं झालं, तर आत पू धरल्याची शक्यता असते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.

यंत्रात बोट तुटलं तर तुकडा टाकून देऊ नका. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फात ठेवा. तुकडा थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नका. जखमेवर दाब देऊन लगेच मोठ्या रुग्णालयाकडं निघा. निघतानाच फोन करून तिथं बोट जोडायची सोय आहे का, विचारा.

लक्षात ठेवा

• हात अचानक लुळा पडला, सोबत तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर तो हाताचा आजार नाही, लकवा असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा.
• जखमेनंतर बोट हलत नाही किंवा बधिर आहे : त्याच दिवशी दवाखाना.
• मुंग्या दोन-तीन आठवडे थांबत नाहीत : तपासणी, सोबत साखरही तपासा.
• ‘शीर बसवून’ घेण्याआधी शीर म्हणजे तिघांपैकी कोण, ते डॉक्टरांना विचारा. दबलेली नर्व्ह किंवा तुटलेली कंडरा चोळून बरी होत नाही.